होडीवरचा, ॲम्ब्युलन्सवरचा की तारवावरचा? कोर्स निवडण्याआधी हे वाचा



मागच्या सभेत एक विषय अर्धवट राहिला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणण्याचं काम सोडलं तर माणसं मोकळी असतात. त्या दिवसांत संस्थेने आपल्या लोकांना जीव वाचवण्याचं प्रशिक्षण द्यावं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण कुठलं प्रशिक्षण, यावर झालं नाही. काही जण म्हणाले, सगळ्यांना एक-दोन दिवसांचं फर्स्ट एड द्या. काही जण म्हणाले, त्याने काय होतं, दोन हुशार पोरं निवडा आणि त्यांना ईएमटी करा. त्यातच एका खाजगी इन्स्टिट्यूटचं पत्रक गावागावांत फिरतंय, 'लेव्हल ५ ईएमटी, नोकरीची हमी' असं. तेव्हापासून मला रोज एक तरी फोन येतो. प्रश्न ठरलेला, "सेक्रेटरी, पोराला बेसिकला घालू की थेट ॲडव्हान्स्डला? मोठं सर्टिफिकेट घेतलेलं बरं ना?"

प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहितो. लांब आहे, पण पुढच्या सभेत हात वर करण्याआधी वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे शिक्षण कुठे उभं राहून वापरायचं आहे ते आधी ठरवा, पायरी नंतर. होडीवर वापरायचं असेल तर एक उत्तर, १०८ च्या गाडीत नोकरी करायची असेल तर दुसरं, तारवावर जायचं असेल तर तिसरं. तिन्हींच्या शिड्या वेगळ्या आहेत. एका शिडीची वरची पायरी दुसऱ्या शिडीवर चालत नाही.

'लेव्हल' या शब्दाचा घोळ

सभेत सगळा गोंधळ या एका शब्दाने झाला. 'लेव्हल' तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरतात.

पहिला अर्थ कामाचा. जखमी माणसाला हात लावणाऱ्याला काय काय करायची परवानगी आहे, त्यावरून पायऱ्या केल्या आहेत. सगळ्यांत खाली प्रथमोपचार. त्याच्या वर सीपीआर आणि बीएलएस. त्याच्या वर फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे गाडी येईपर्यंत रुग्णाला सांभाळणारा. मग ईएमटी-बेसिक, मग ईएमटी-ॲडव्हान्स्ड आणि सगळ्यांत वर पॅरामेडिक.

दुसरा अर्थ सरकारी कौशल्य आराखड्याचा. देशातल्या सगळ्या कौशल्य कोर्सना, गवंडीकामापासून इस्पितळातल्या मदतनीसापर्यंत, एक स्तर दिलेला आहे. त्यात ईएमटी-बेसिक चौथ्या स्तरावर आणि ईएमटी-ॲडव्हान्स्ड पाचव्या स्तरावर येतो. पत्रकावरचं 'लेव्हल ५' ते हेच. त्याचा अर्थ रुग्णसेवेतली पाचवी पदवी असा नाही.

तिसरा अर्थ गाडीचा. आपल्या देशात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे आणि त्यात चार प्रकार आहेत. 'ए' म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डरचं वाहन, यात दुचाकीही येते. 'बी' म्हणजे रुग्णाला नुसतं नेणारी गाडी. 'सी' म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि 'डी' म्हणजे ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट. 'डी' गाडीत हृदयाला झटका देणारं यंत्र, कृत्रिम श्वासाची सोय, शिरेतून द्यायची औषधं असतात. तेव्हा कोणी तुम्हाला 'बेसिक', 'ॲडव्हान्स्ड' म्हणालं की आधी विचारा, गाडी की माणूस?

प्रत्येक पायरीवर माणूस काय करतो

प्रथमोपचारवाला रक्त थांबवतो, भाजलेल्यावर थंड पाणी घालतो, मोडलेला हात बांधतो, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवतो आणि वेळेत फोन करतो. हे एक-दोन दिवसांत शिकता येतं.

सीपीआर आणि बीएलएसवाला छाती दाबणं, श्वास देणं आणि मिळालं तर एईडी नावाचं शॉक द्यायचं यंत्र वापरणं हे बाहुलीवर घोटून शिकतो. काही तासांचा वर्ग असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड दोन वर्षं चालतं, मग पुन्हा वर्ग करावा लागतो. हात विसरतात म्हणून ही मुदत आहे, पैसे उकळायला नाही. वर्षभर न वापरलेली गाठ बांधताना आपलीही बोटं अडखळतातच की.

ईएमटी-बेसिक ऑक्सिजन लावतो, रक्तदाब आणि साखर बघतो, मानेला पट्टा लावून रुग्णाला फळीवर घेतो, वाटेत बाळंतपण झालं तर ते सांभाळतो. ईएमटी-ॲडव्हान्स्ड त्याच्यापुढे जाऊन शिरेत सुई घालतो, ठरलेली औषधं देतो, हृदयाचा आलेख बघतो.

आता यातली मेख ऐका. वरच्या पायऱ्यांवरची बहुतेक कामं माणूस स्वतःच्या मर्जीने करत नाही. गाडीत सामान असतं आणि फोनच्या पलीकडे डॉक्टर असतो. १०८ मध्ये कॉल सेंटरला बसलेला डॉक्टर ईएमटीला सांगतो, हे औषध दे, हे देऊ नको. म्हणजे ईएमटीचं बळ तीन गोष्टींत आहे: त्याचं शिक्षण, त्याची गाडी आणि त्याचा डॉक्टर. त्यातल्या दोन काढून घ्या आणि त्याला पहाटे तीन वाजता केरीच्या समोर होडीत बसवा. ऑक्सिजन नाही, औषध नाही, फोनला रेंज नाही. तिथे तो तेच करील जे नीट शिकलेला प्रथमोपचारवाला करतो. त्याची नजर जास्त तयार असेल, एवढाच फरक.

म्हणूनच सभेतल्या त्या वादाचं माझ्याकडून उत्तर असं. गावातली दोन पोरं ईएमटी झाली तर चांगलंच. पण ती दोघं प्रत्येक होडीवर नसणार. नोकरी लागली तर ती म्हापशाला नाहीतर मडगावला ड्युटीवर असणार. आपल्या होडीवर त्या घटकेला जो असेल, त्याच्याच हातात विद्या हवी.

होडीवर नक्की काय लागतं

एक साधा हिशेब करा. श्वास बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. होडी किनाऱ्याला लावायलाच त्याहून जास्त वेळ जातो. पुढे केरी-हरमलहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, तिथून गरज पडली तर बांबोळीचं गोमेकॉ. तेरेखोलचं तर आणखी वेगळं. गाव गोव्याचं, पण मधे नदी. गाडीला फेरीबोटीची वाट बघावी लागते, नाहीतर महाराष्ट्रातून आरोंदा-किरणपाणी पुलाने वळसा घालावा लागतो. जगातला सर्वांत मोठा पॅरामेडिक म्हापशाहून निघाला तरी पहिली दहा मिनिटं आपलीच आहेत.

किनाऱ्यावरचे जीवरक्षक चांगलं काम करतात, पण ते दिवसा आणि पर्यटकांच्या भागात. आपली रापण आणि आपली होडी त्यांच्या वेळेप्रमाणे चालत नाही.

आपल्या धंद्यात घडणाऱ्या गोष्टी घ्या आणि बघा कुठल्या पायरीचं शिक्षण पुरतं.

बुडालेला माणूस: वर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं, उलटं टांगायचं, मडक्यावर पालथं घालून फिरवायचं हे सगळं बंद करा. त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं. श्वास नसेल तर डोकं मागे करून आधी दोन श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा दोन श्वास. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर. मोबाईलच्या व्हिडिओत हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून दोघं शिकलेले हवेत, आळीपाळीने करायला. बुडालेल्याला श्वास महत्त्वाचा, नुसती छाती दाबून भागत नाही. हे सीपीआरच्या वर्गात येतं, ईएमटी व्हावं लागत नाही.

दोरात, विंचमध्ये किंवा पंख्यात हात सापडणं: स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबणं, दाब न सोडणं. तुटलेलं बोट स्वच्छ कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात टाकलं तर खराब होतं. बर्फ आपल्याकडे भरपूर असतो, म्हणूनच ही चूक आपल्याकडेच जास्त व्हायची शक्यता. हेही प्रथमोपचार.

वागळीचा (पाकट) किंवा शिंगाळ्याचा काटा: सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, पाय बुडवून ठेवला की कळ कमी होते. अर्धा ते दीड तास ठेवावा लागतो. पाणी दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या हाताने तपासावं, कारण दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपसायचा नाही, तसाच आधार देऊन इस्पितळात न्यायचा.

समुद्री साप: जाळ्यातून सोडवताना चावतो. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. हात-पाय हलू न देता न्यायचं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या इस्पितळांत मिळणारी सर्पदंशाची नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जमिनीवरच्या सापांसाठी असते. समुद्री सापाच्या विषावर ती चालत नाही. तिथे रुग्णाला तगवतो तो व्हेंटिलेटर. म्हणून १०८ ला आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात 'समुद्रातला साप' असं सांगायचं, म्हणजे कुठे न्यायचं हे ते ठरवतील.

मोठ्या ट्रॉलरवर जाणाऱ्यांसाठी आणखी एक. मासळीच्या खणात मासे कुजले की विषारी वायू साठतो. आत उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो. इथे पहिला उपचार म्हणजे दुसऱ्याने उडी न मारणं. झाकण उघडा, हवा खेळू द्या, मदत मागा. प्रथमोपचाराच्या चांगल्या वर्गात पहिलाच धडा असतो, आधी जागा सुरक्षित आहे का बघा. तो धडा आपल्यासाठी आहे.

मदत मागणं हेही शिक्षणच. समुद्रातून तटरक्षक दलाचा नंबर १५५४, व्हीएचएफ असेल तर चॅनल १६. जमिनीवर १०८ किंवा ११२. नंबर पाठ असून उपयोग नाही, जागा सांगता आली पाहिजे. किनारा, जेटी, फेरीचा धक्का, देऊळ, जवळची खूण, आणि गाडीला घ्यायला रस्त्यावर एक माणूस.

तेव्हा होडीसाठी माझा हिशेब असा: प्रत्येक होडीवर किमान दोघं, प्रथमोपचार अधिक सीपीआर, आणि पाणी न शिरणाऱ्या डब्यात साहित्य. दोघं यासाठी की शिकलेला एकच असेल आणि तोच पाण्यात पडला तर?

डिचोलीच्या सभासदांसाठी

डिचोलीकडचे सभासद म्हणतात, तुम्ही सगळं दर्याचं बोलता. खरं आहे. मये, नार्वे, सारमानसकडे नदी, मानस आणि खाजण आहे. तिथे लाट नसते, पण चिखल असतो, पाणी गढूळ असतं, आणि माणूस बुडाला की दिसत नाही. साप तिथे जमिनीवरचे, म्हणजे लस चालणारे. म्हणून तिथे वेळेत डिचोली किंवा साखळीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात पोचवणं हाच अर्धा उपचार. शिक्षण तेच लागतं, प्रथमोपचार आणि सीपीआर.

पण डिचोलीला एक वेगळी बाजू आहे. घरातलं कोणी खाणीवर कामाला असेल तर त्यांना सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र नवीन नाही. खाणीतल्या मेट, फोरमन अशा परीक्षांना बसायला ते लागतं. कारखान्यांतही १९४८ च्या कायद्याप्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस ठेवावा लागायचा. म्हणजे 'सगळ्यांत खालची पायरी' म्हणून ज्याला नाक मुरडलं जातं, त्याच कागदावर नोकरीत उपयोग होतो. मात्र कोणी दिलेलं प्रमाणपत्र तिथे मानलं जातं हे बघून घ्या. नुसत्या ऑनलाइन व्हिडिओवर मिळालेला रंगीत कागद तिथे चालेल असं समजू नका.

ॲम्ब्युलन्सवर नोकरी करायची असेल

आता पोरांच्या नोकरीचं. हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथे आई-बापांचे पैसे जातात.

गोव्यात १०८ ची सेवा २००८ साली सुरू झाली. ती सरकारसाठी ईएमआरआय ही संस्था चालवते, जिची सुरुवात २००५ मध्ये हैदराबादला झाली. गाडीत रुग्णाजवळ ईएमटी असतो आणि सल्ल्याला फोनवर डॉक्टर. आपल्या शेजारी, पत्रादेवीपलीकडे सिंधुदुर्गात वेगळी पद्धत. महाराष्ट्राने २०१४ साली १०८ सुरू केली ती ९३७ गाड्यांनी आणि गाडीत डॉक्टर ठेवून. म्हणजे ईएमटी होऊन सावंतवाडीला जाऊ, असं धरून चालू नका. तिथे गाडीतली ती खुर्चीच वेगळ्या माणसाची आहे. कुठल्या राज्यात नोकरी करायची हे आधी बघा, मग कोर्स.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१ मध्ये केंद्राने आरोग्य क्षेत्रातल्या सहायक व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत पॅरामेडिक आणि ॲडव्हान्स केअर पॅरामेडिक ही नावं आहेत. पण त्या कायद्याप्रमाणे 'ॲलाइड हेल्थ प्रोफेशनल' म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी लागते, दोन ते चार वर्षांत पसरलेली. त्याच्या वरच्या 'हेल्थकेअर प्रोफेशनल'ला ३,६०० तास. आता त्या पत्रकातल्या तीन महिन्यांचा हिशेब करा. रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, असं धरलं तरी तीन महिन्यांत ७२० तास होतात. तीन महिन्यांचा कोर्स वाईट असं मी म्हणत नाही. त्यातून ईएमटीचं काम शिकता येईल, कदाचित नोकरीही लागेल. पण तो केला की पोरगा पॅरामेडिक झाला, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

मग काय निवडायचं? माझी समजूत अशी. ज्याला या कामाची आवड आहे की नाही हेच माहीत नाही, त्याने थेट मोठ्या फीमध्ये उडी घेऊ नये. आधी प्रथमोपचार आणि बीएलएस करावं. रक्त बघून डोळे फिरतात का, ओरडणाऱ्या नातेवाइकांमध्ये डोकं शांत राहतं का, हे त्यालाच कळेल. मग बेसिक. कारण १०८ चं काम म्हणजे रात्रपाळी, जिन्यावरून स्ट्रेचर उतरवणं, हायवेवरचा अपघात, कधी कधी ओळखीच्याच माणसाचा. ज्याने हे पाहिलं आणि तरीही पुढे जायचं आहे, आणि शिक्षण बारावी विज्ञानापर्यंत झालंय, त्याने छोट्या ॲडव्हान्स्डवर थांबण्यापेक्षा दोन-तीन वर्षांच्या डिप्लोमा-पदवीचा विचार करावा. कायद्याची दिशा तिकडे आहे. आणि ज्याचं वय तिशीच्या पुढे, घरात खाणारी तोंडं, त्याला बेसिक करून कामाला लागणं जास्त बरं. पोरींनीही मागे राहू नये. बाळंतपणाच्या कॉलला गाडीत बाई असली तर घरच्यांना केवढा धीर येतो, हे आपल्या बायका जास्त चांगलं सांगतील.

परदेशात जायचं म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. इंग्लंडमध्ये 'पॅरामेडिक' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही आणि आता तिथे त्यासाठी पदवी लागते. स्विंडनला आपली एवढी माणसं आहेत, त्यांना विचारून बघा. इथला ईएमटीचा कागद घेऊन तिथे उतरल्या उतरल्या ॲम्ब्युलन्सवर घेतील, असं होत नाही.

तारवावर जायचं असेल

आपल्याकडे घरटी एक तरी तारवटी. जहाजावरच्या वैद्यकीय शिक्षणाची शिडी पूर्ण वेगळी आहे. एसटीसीडब्ल्यू नावाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१० साली मनिला येथे त्यात मोठे बदल झाले. त्यात तीन पायऱ्या आहेत.

पहिली, एलिमेंटरी फर्स्ट एड. जहाजावर जाण्याआधीच्या बेसिक सेफ्टी ट्रेनिंगमध्येच ती येते. दुसरी, मेडिकल फर्स्ट एड. जहाजावर प्रथमोपचार देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे असते त्याच्यासाठी. तिसरी, मेडिकल केअर. जहाजावरच्या आजाऱ्याची पूर्ण काळजी ज्याच्यावर सोपवलेली असते, बहुधा वरिष्ठ अधिकारी, त्याच्यासाठी.

ही तिसरी पायरी का लागते? १०० किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर ठेवावा लागतो. म्हणून क्रूझवर डॉक्टर असतो. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसं, तिथे डॉक्टर नाही. अधिकारीच रेडिओवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून उपचार करतो. बघा, इथेही तेच सूत्र. तुम्ही कुठल्या जहाजावर कुठल्या कामाला जाणार, त्यावर पायरी ठरते. क्रूझच्या किचनमध्ये किंवा केबिनला जाणाऱ्या मुलाने तिसऱ्या पायरीवर पैसे घालवायची गरज नाही.

आणि ईएमटीचं प्रमाणपत्र आहे म्हणून एसटीसीडब्ल्यूची पायरी माफ होत नाही. इन्स्टिट्यूट डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगने मंजूर केलेली आहे का, एवढं बघूनच फी भरा.

पैसे भरण्याआधी हे विचारा

कुठल्याही इन्स्टिट्यूटच्या टेबलासमोर बसलात की हे सहा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

१. प्रमाणपत्र कोण देणार? इन्स्टिट्यूट स्वतः की बाहेरची परीक्षा घेणारी मान्यताप्राप्त संस्था?
२. एकूण तास किती आणि त्यातले इस्पितळात व ॲम्ब्युलन्सवर किती? इस्पितळाचं नाव काय?
३. प्रमाणपत्राची मुदत किती, नूतनीकरणाला खर्च किती?
४. पुढची पायरी घेताना हा कोर्स धरला जातो का, की पुन्हा पहिल्यापासून?
५. गेल्या तुकडीतली मुलं आज कुठे कामाला आहेत? दोघांशी बोलता येईल का?
६. अर्धवट सोडलं तर फी परत मिळते का?

'नोकरीची हमी' लिहिलेली असेल तर ती हमी कोणाच्या सहीची, तेही विचारा. चांगली इन्स्टिट्यूट या प्रश्नांना रागावत नाही.

मदत करायला घाबरू नका

एक भीती सभेत बोलून दाखवली गेली. हात लावला आणि माणूस गेला तर पोलीस आपल्यालाच धरतील. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-ए आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. मालपे, धारगळ, कोलवाळच्या हायवेवर रोज जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याचबरोबर, शिकलेल्या पायरीच्या पलीकडे जाऊ नका. प्रथमोपचार शिकलेल्याने इंजेक्शन द्यायचं नाही, मोडलेलं हाड जागेवर बसवायला ओढायचं नाही. कुठे थांबायचं हे कळणं, हेही शिक्षणच.

सभेपुढचा प्रस्ताव

या सगळ्यावरून मी व्यवस्थापक मंडळापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. निर्णय तुमचा.

पहिली: संस्थेचा पैसा आधी होडीसाठी. बंदीच्या काळात प्रत्येक होडीमागे दोघांना प्रथमोपचार आणि सीपीआर, बाहुलीवर सराव करून. रापणीच्या संघांनाही हाच नियम. मासळी विकायला बसणाऱ्या आपल्या बायकांसाठी वेगळा वर्ग, त्यांच्या वेळेला, म्हणजे दुपारनंतर. घरी आणि बाजारात काही घडलं तर तिथे त्याच असतात.

दुसरी: प्रत्येक वाड्यावरून एक माणूस बीएलएसपर्यंत. त्याने दरवर्षी बंदीत बाकीच्यांचा एक दिवस सराव घ्यायचा आणि होडीवरचे डबे तपासायचे. या माणसाची निवड करताना एकच बघा, तो गावात राहणारा असावा.

तिसरी: ईएमटी किंवा त्यापुढचं शिक्षण हे मुलाच्या नोकरीसाठी आहे, त्याचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून करू नये. पण सभासदाच्या मुलाला किंवा मुलीला वरच्या सहा प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली असतील, तर संस्थेने शिक्षणासाठी हप्त्याने फेडायची उचल द्यावी.

तिसऱ्या मुद्द्यावर काहींचा विरोध आहे, मला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, गावात एक तरी ईएमटी हवा, तो आपला अभिमान. माझंही तेच म्हणणं आहे, हवाच. फक्त त्याच्यासाठी बाकी होड्या रिकाम्या हाताने दर्यात जाऊ नयेत. सभेला या आणि बोला.

होडीचा नंबर आणि दोघांची नावं मे महिना संपण्याआधी ऑफिसात द्या. तांडेलांनी स्वतःचं नाव आधी लिहावं. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात जातील, तोवर प्रत्येक होडीवर डबा आणि दोन माणसं तयार असावीत, एवढं यंदा जमवू.

आपला,
सचिव